मेंदूचा वाफसा



तान्हे बाळ झोपलेले तुम्ही नेहमीच पाहता. बाहेर आवाज नसतो, अंगावर माशी बसलेली नसते, तरी मध्येच त्याचे एक बोट उडते. मग पाय झटकला जातो. मिटल्या पापण्यांआड बुबुळे फिरतात, ओठ दूध चोखल्यासारखे हलतात आणि एकदम ते गालातल्या गालात हसते. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "सटवाई हसवतेय त्याला."

माझी मुलगी गेल्या वर्षी बाळंतपणाला माहेरी आली होती. पाचवीच्या रात्री माझ्या आईने रीतीप्रमाणे पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली. दुसऱ्या दिवशी बाळ पाळण्यात असेच झटके देऊ लागले, तेव्हा तिने मला विचारले, "तू एवढा बी.एस्सी. झालास, तीस वर्षं लोकांना बी-बियाण्याचं सांगत फिरलास. मग सांग बरं, एवढंसं लेकरू झोपेत कशानं उडतंय? त्यानं अजून जग तरी कुठं बघितलंय?"

मला उत्तर देता आले नाही. कपाशीवरचा मावा विचारला असता तर सांगितले असते. माझा भाचा लहान मुलांचा डॉक्टर आहे, त्याला विचारले. त्याने समजावून सांगितले, चार गोष्टी वाचायला दिल्या. तेव्हा कळले की आईचा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पडलेला होता. त्यांनी शोधलेले उत्तर ज्या घरात पाळणा हलतो त्या प्रत्येक घराच्या कामाचे आहे. त्यात वेळेचा प्रश्न आहे, आणि वेळेची किंमत शेतकऱ्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक?

डोक्यातली वीज

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्या एकमेकींशी विजेच्या खुणेने बोलतात. ही वीज फार थोडी. बॅटरीचा एक सेल दीड व्होल्टचा असतो, तर मज्जापेशीच्या आत-बाहेरचा फरक त्याच्या जेमतेम विसाव्या भागाइतका भरतो. एक ठिणगी उडते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात विझते. पण अशा कोट्यवधी ठिणग्या एकदम उडतात, म्हणून डोक्याच्या कातडीवर चकत्या लावल्या तर त्यांचा आलेख कागदावर उमटतो. हॅन्स बर्गर या जर्मन डॉक्टरने माणसाचा असा आलेख १९२४ मध्ये प्रथम काढला. फिट येणाऱ्या रोग्याचा ई.ई.जी. काढतात तो हाच.

आता या पेशी एकमेकींना जोडतो कोण? आपल्याला वाटते, बियाण्यात जसा पिकाचा गुण असतो तसा मेंदूचा सगळा नकाशा आई-बापाकडून येत असेल. काही भाग येतो. पण माणसाच्या अंगात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे वीस हजार, आणि मेंदूतले जोड मोजायला गेले तर लाखो कोटी. एवढ्या जोडांचा हिशेब तेवढ्या जनुकांत लिहून ठेवणे शक्यच नाही. म्हणून निसर्गाने आपल्या पाटबंधारे खात्यासारखी वाटणी केली आहे. मोठा कालवा जनुके खोदून देतात. दंड आणि सारे मात्र वाहते पाणीच पाडते. इथे पाणी म्हणजे त्या विजेच्या ठिणग्या.

पाणी सोडण्याआधीची चाचणी

हंगाम सुरू होण्याआधी आपण मोटार चालू करून पाटात थोडे पाणी सोडून बघतो. कुठे फुटते, कुठे तुंबते, कोणत्या वाफ्यात जाते ते कळते. बाळाचा मेंदूही जन्माआधी हेच करतो.

डोळा उजेड पाहण्याआधीच डोळ्याचा पडदा आपल्या आपण ठिणग्या टाकू लागतो, हे इटलीच्या दोन शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये उंदराच्या गर्भात दाखवले. पुढे १९९१ मध्ये कार्ला शॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेत दिसले की या ठिणग्या वाटेल तशा उडत नाहीत. तळ्यात खडा टाकल्यावर लाट पसरावी तशी विजेची लाट पडद्याच्या एका कडेकडून दुसरीकडे जाते. थोडी विश्रांती होते, मग दुसरी लाट दुसऱ्या बाजूने निघते.

या लाटेचा उपयोग काय? समजा, रात्रीच्या अंधारात एका शिवारातली माणसे आपापल्या बांधावरून हाका देत आहेत आणि तुम्ही लांब टेकडीवर बसून ऐकत आहात. लागोपाठ येणाऱ्या हाका शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या आहेत हे तुम्हाला ओळखता येईल, आणि न पाहताही शिवाराचा नकाशा मनात बसेल. मेंदू तसेच करतो. पडद्यावरच्या शेजारच्या पेशी एकाच वेळी बोलतात, म्हणून त्यांची जागा मेंदूतही शेजारी-शेजारी ठरते. उजव्या आणि डाव्या डोळ्याच्या लाटा वेगवेगळ्या वेळी येतात, म्हणून दोन्ही डोळ्यांच्या वाटण्याही वेगळ्या होतात.

ठिणग्या बंद पाडल्या तर काय होते, तेही पाहून झाले आहे. फुगा माशाच्या विषाने मज्जापेशींची वीज बंद पडते. शॅट्झ आणि मायकेल स्ट्रायकर यांनी मांजरीच्या पोटातल्या पिल्लांच्या मेंदूला ते विष थोडे-थोडे दिले. १९८८ मध्ये त्यांनी सांगितले की दोन डोळ्यांचे धागे वेगळे झालेच नाहीत, एकमेकांत मिसळलेलेच राहिले. धागे होते, पेशी होत्या, पण वाटणी झाली नव्हती. बांध न घातलेल्या जमिनीसारखे ते झाले.

येल विद्यापीठातल्या मायकेल क्रेअर यांच्या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये आणखी एक नवल दाखवले. उंदराच्या पिल्लाने डोळे उघडण्याआधी त्याच्या पडद्यावर फिरणाऱ्या लाटा पुष्कळशा एकाच दिशेने जातात. पुढे ते चालू लागेल तेव्हा दोन्ही बाजूंचे जग त्याला असेच मागे सरकताना दिसणार असते. म्हणजे चालणे शिकण्याआधीच डोळ्यांची तालीम झालेली असते.

कानाचेही तेच. अजून काही ऐकू येत नाही अशा उंदराच्या पिल्लाच्या कानातल्या शंखात आपोआप ठिणग्या उडतात, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २००७ मध्ये दिसून आले.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. बाळाचे बोट झोपेत उडते, तेव्हा त्या बोटाकडून मेंदूकडे निरोप जातो, "मी इथे आहे, मी हललो." वेळेआधी, म्हणजे सातव्या महिन्याच्या आसपास जन्मलेल्या बाळांच्या डोक्यावर चकत्या लावून फ्रान्समध्ये हे पाहिले आहे. बाळाचा हात हलला की मेंदूतल्या हाताच्या जागी ठिणग्यांचा झुबका उठतो, पाय हलला की पायाच्या जागी. २००७ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. असे झटके देता-देता मेंदू आपल्या अंगाची मोजणी करतो. तलाठ्याने गटवार नोंद घ्यावी तशी ती नोंद होते.

मी आईला एवढे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे लिहितंय खरंच कुणीतरी." मी म्हटले, "लिहितंय तर. पण लेखणी लेकराच्याच हातात आहे. आपण दिवा धरायचा."

विरळणी आणि वाफसा

ज्वारी पेरताना आपण बी जरा जास्त टाकतो आणि उगवल्यावर विरळणी करतो. मेंदूही सुरुवातीला गरजेपेक्षा पुष्कळ जास्त जोड तयार करतो. मग ज्या जोडांतून ठिणग्या वाहतात ते राहतात, जे नुसते पडून असतात ते मोडले जातात. दोन पेशी बरोबर पेटल्या की त्यांच्यातला जोड घट्ट होतो, असा अंदाज कॅनडाचे डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडला होता. पुढच्या प्रयोगांनी तो पुष्कळ अंशी खरा ठरला.

यातला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल यांचा. त्यांनी मांजरीच्या पिल्लाची एक पापणी शिवून टाकली आणि तीन महिन्यांनी टाके काढले. डोळा शाबूत होता, पडदा शाबूत होता. पण त्या डोळ्याने पिल्लाला दिसत नव्हते, कारण मेंदूत त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने व्यापली होती. पाणी न आलेल्या दंडात गवत माजते आणि शेजारी हळूच बांध कोरतो, तसे झाले. मग त्यांनी मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस बंद ठेवला. उघडल्यावर त्याला पहिल्यासारखेच दिसले. १९६३ मध्ये हे छापून आले. पुढच्या प्रयोगांत तर असे आढळले की पिल्लू चार आठवड्यांचे असताना तीन-चार दिवस डोळा बंद राहिला तरी नुकसान होते. या कामाबद्दल दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मंडळी, यालाच मी मेंदूचा वाफसा म्हणतो. पाऊस पडून गेल्यावर जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, असे चार दिवस येतात. त्या दिवसांत तिफण धरली तर बी उगवते. तेच बी, तेच खत, तोच बैल घेऊन पंधरा दिवसांनी गेलात तर जमीन ढेकूळ झालेली असते. मेंदूच्या प्रत्येक कामाला असा वाफसा आहे. नजरेचा वेगळा, ऐकण्याचा वेगळा, बोलण्याचा वेगळा.

आजीचा मोतीबिंदू आणि नातीचा

तुमच्या गावातल्या एखाद्या आजीचा मोतीबिंदू वाढला. तिने दोन वर्षे चालढकल केली, मग शिबिरात जाऊन ऑपरेशन केले आणि पट्टी सोडल्यावर तिला सूनबाईच्या लुगड्याचे काठ दिसू लागले. हे आपण पाहतो, म्हणून आपला समज होतो की मोतीबिंदूला घाई नाही.

पण मोतीबिंदू काही बाळांना जन्मतः असतो. बाहुलीत पांढरट ठिपका दिसतो. आजीच्या मेंदूला पाहणे साठ वर्षांपूर्वीच येऊन गेलेले असते, भिंग बदलले की झाले. बाळाच्या मेंदूने पाहणे अजून शिकायचे आहे. वाफशाच्या दिवसांत उजेड आतच गेला नाही, तर पुढे कितीही स्वच्छ भिंग बसवा, पूर्ण नजर येत नाही. म्हणून दाट मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन जन्मानंतर सहा ते आठ आठवड्यांच्या आत व्हावे असे डॉक्टर सांगतात.

आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीवर मी हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकाला गेलो होतो. ओसरीत पाच आठवड्यांची मुलगी होती. डाव्या डोळ्यात टिकलीएवढा पांढरा डाग. बाप म्हणाला, "साहेब, माहीत आहे आम्हाला. सुगी झाली की नेणार आहोत. आता हातात पैसा कुठला?" मी त्याला एवढेच विचारले, "तुझ्या रानात वाफसा आला आणि मी म्हणालो, दोन महिन्यांनी पेर, तर ऐकशील?" तो गप्प राहिला. बायको मात्र आतून म्हणाली, "उद्याच जाऊ." सातव्या आठवड्यात ऑपरेशन झाले. त्याने काम संपले नाही. मुलगी आता लवचिक पट्टीने बांधलेला जाड चष्मा घालते आणि रोज ठरलेले तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागते. ती पट्टी ओढून काढते, आई पुन्हा लावते. रोजचे रडणे आहे. पण त्या डोळ्याने ती आता जमिनीवरचा शेंगदाणा उचलते.

मला हे इतके लागते, कारण माझा स्वतःचा डावा डोळा असाच गेलेला आहे. लहानपणी तो तिरळा होता. घरात सगळे म्हणायचे, तिरळा डोळा भाग्याचा असतो. डॉक्टरकडे कोणी नेले नाही, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला डाव्या डोळ्याने सूक्ष्मदर्शकात पाहिले तर नुसते धुके. मला वाटले, यंत्रच बिघडले आहे. शेजारच्याने पाहिले, त्याला तुडतुड्याचे पंख लख्ख दिसत होते. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "डोळा चांगला आहे हो तुमचा, पण मेंदूशी त्याची ओळखच झाली नाही. पाचव्या वर्षी आला असता तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून काम झालं असतं." त्या पट्टीला खर्च किती? जवळजवळ काहीच नाही. भाग्याचा डोळा मला असा महाग पडला.

आता हेही सांगितले पाहिजे, की वाफसा टळला म्हणून जमीन पडीक टाकू नये. पवन सिन्हा हे मूळचे भारतीय प्राध्यापक अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत आहेत. त्यांच्या प्रकाश या उपक्रमात उत्तर भारतातल्या खेड्यांतली, जन्मापासून मोतीबिंदूने अंध राहिलेली मुले दिल्लीत आणून त्यांच्यावर ऑपरेशन करतात. २०११ मध्ये त्यांनी ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची माहिती दिली. पट्टी निघाल्यावर त्यांना वस्तू दिसत होत्या. पण हाताने चाचपलेली वस्तू कोणती, हे नुसते पाहून त्यांना सांगता येईना. काही दिवसांतच मात्र ते जमू लागले. नजर अगदी धारदार होत नाही, तरी एकट्याने चालता येते, माणसे ओळखता येतात. उशिराच्या पेरणीलाही थोडे पीक येते. म्हणून मोठे मूल असले तरी दाखवाच. पण पूर्ण पीक हवे असेल तर वाफसा गाठला पाहिजे.

कान आणि बोल

बहिरे बाळ ओळखणे कठीण असते. तेही सुरुवातीचे काही महिने हुंकार देते, हसते, आईच्या तोंडाकडे पाहते. ताट वाजवले तर जमिनीची थरथर लागून दचकतेही. त्यामुळे घरचे निश्चिंत राहतात. दोन वर्षांनी बोलत नाही म्हणून शोध सुरू होतो, आणि कोणीतरी म्हणते, "याचा बापही उशिरा बोलला होता."

ऐकण्याचा वाफसा पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वांत चांगला असतो. म्हणून डॉक्टरांचा ठोकताळा असा आहे: पहिल्या महिन्यात कानाची तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. कानात मशीन लावून भागले नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट नावाचे यंत्र बसवतात. ते आवाजाच्या ठिणग्या करून थेट कानाच्या मज्जातंतूला देते. ज्या ठिणग्या बाळाचा कान स्वतः टाकू शकत नाही, त्या यंत्र टाकते. जोड मात्र मेंदूनेच घडवायचे असतात, म्हणून लवकर बसवलेले बरे. याला लाखो रुपये लागतात, पण केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून लहान मुलांना मदत मिळते आणि त्याचे काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालते.

कोणते झटके चांगले, कोणते वाईट

झोपेतले झटके चांगले, असे मी वर म्हटले. पण सगळेच झटके चांगले नसतात, आणि इथे गफलत करू नका.

चांगला झटका झोपेत येतो, सुटा-सुटा येतो आणि बाळ जागे झाले की थांबतो. वाईट झटके बहुधा तिसऱ्या ते आठव्या महिन्यात सुरू होतात. बाळ झोपेतून उठता-उठता एकदम मान खाली टाकते, हात फेकते, कमरेत वाकते. नमस्कार घातल्यासारखे. दोन-चार सेकंदांनी पुन्हा, मग पुन्हा, अशी रांगच लागते. मध्ये-मध्ये रडते. घरचे म्हणतात, पोटात कळ आली, आणि ओवा-हिंग लावतात. हा फिटचा एक प्रकार आहे. इंग्लंडच्या डॉ. वेस्ट यांनी १८४१ मध्ये स्वतःच्याच मुलाची ही लक्षणे वैद्यकीय पत्रात लिहून कळवली आणि कोणाला उपाय ठाऊक असेल तर सांगा, अशी विनंती केली. त्या काळी उपाय नव्हता. आज औषधे आहेत. या दुखण्यात मेंदूची वीज इतकी बेताल होते की घडत असलेले जोड बिघडतात. पाट फुटून सगळ्या वाफ्यांत एकदम पाणी शिरावे तसे. शिकलेले हसणे, मान धरणे बाळ विसरू लागते. जितका उशीर तितके नुकसान. असे झटके दिसले तर मोबाईलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता माझ्या खात्याची गोष्ट

एक गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण तिच्यात माझाही दोष आहे.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधे आपण सर्रास फवारतो. ती किडीला कशी मारतात? मज्जापेशी एकमेकींना निरोप देताना ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सोडतात. निरोप पोचला की अंगातला एक रस ते द्रव्य लगेच तोडतो. ही औषधे तो रस बंद पाडतात. मग ठिणग्या थांबतच नाहीत आणि कीड थरथरून मरते. विषबाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला फेस येतो, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, त्याचे कारण हेच.

आता ध्यानात घ्या. डोळ्याच्या पडद्यावरच्या ज्या पहिल्या लाटांची गोष्ट मी सांगितली, त्याही याच ॲसिटिलकोलीनच्या जोरावर चालतात. किडीच्या मेंदूत आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूत निरोप नेणारा सांडणीस्वार एकच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात भाजीपाल्याची मोठी शेती आहे. तिथल्या शेतमजूर बायांच्या लघवीत गरोदरपणी या जातीच्या औषधांचे अंश मोजले आणि त्यांची मुले सात वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्धीची परीक्षा घेतली. २०११ मध्ये प्रसिद्ध झाले की ज्या आयांच्या लघवीत सर्वांत जास्त अंश होते, त्यांची मुले सर्वांत कमी अंश असलेल्या आयांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी मागे होती.

तंबाखूतले निकोटीनही मज्जापेशीच्या त्याच दारावर धक्के मारते. म्हणूनच एके काळी तंबाखूचा अर्क कीडनाशक म्हणून फवारत. मिश्री लावणाऱ्या लेकी-सुनांनी हे लक्षात घ्यावे.

तीस वर्षे मी फवारणीची प्रात्यक्षिके केली. पंपाला पाणी किती, औषध किती मि.ली., सगळे सांगितले. पण बादलीत औषध कालवणारी बाई गरोदर आहे का, हे मी एकदाही विचारले नाही. पाणी आणून देणारी, फवारलेल्या रानात त्याच दिवशी निंदणारी, नवऱ्याचे भिजलेले कपडे धुणारी तीच असते. आता मी प्रत्येक सभेत पहिल्यांदा हेच सांगतो.

घरोघर ध्यानात ठेवण्यासारखे

१. गरोदर बाईने औषध कालवू नये, फवारू नये, फवारलेल्या रानात जाऊ नये. फवारणीचे कपडे ज्याचे त्याने धुवावेत. फवारून आलेल्याने अंघोळ केल्याशिवाय बाळ उचलू नये.

२. बाळाच्या बाहुलीत पांढरट डाग, किंवा फोटोत एक डोळा पांढरा चमकणे, हे दिसताच आठवड्याच्या आत डोळ्यांचा डॉक्टर गाठा. तो मोतीबिंदू असेल, क्वचित डोळ्याचा कॅन्सरही असतो.

३. पहिले तीन-चार महिने बाळाचा डोळा कधीमधी तिरका जातो, ते चालते. त्यानंतरही तिरळेपणा राहिला तर भाग्याच्या गोष्टी बोलू नका, दाखवा. आळशी डोळ्यावर पट्टीचा उपाय सात वर्षांच्या आत चांगला लागू पडतो.

४. बाळंतपण जिथे झाले तिथेच बाळाचा कान तपासला का, ते विचारा. नसेल तर जिल्हा रुग्णालयात नेऊन तपासून घ्या.

५. बाळ झोपेत हातपाय झटकते म्हणून त्याला उठवू नका. त्याचे काम चालू आहे. जागे असेल तेव्हा त्याच्याशी बोला, गाणी म्हणा, तोंडासमोर तोंड धरा. हातात मोबाईल देऊ नका.

६. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्यासाठीच आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे असते. जन्मतः मोतीबिंदू आणि बहिरेपणा दोन्ही त्यात आहेत आणि उपचार मोफत आहेत. त्या दिवशी मुलाला रानात नेऊ नका. आणि पथक यायची वाट पाहण्याइतका वेळ नसेल, तर आशाताईला सांगून स्वतः निघा.

माझा नातू आता वर्षाचा झाला. त्याचे कान तपासले, डोळे तपासले, दोन्ही ठीक आहेत. परवा दुपारी तो माझ्या मांडीवर झोपला होता. बोट उडाले, ओठ हलले. आई शेजारी निवडत बसली होती. तिने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, "लिहू दे त्याला. हाका मारू नकोस."